मांडीखाली हात

उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात मी ट्रकचे गेटपास काढते. ट्रक दारात येतो, ड्रायव्हर फोन करतो, मी कंपनीच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर, मालाची माहिती, तारीख भरते, पास निघतो आणि गेट उघडतं. ऐकायला सोपं आहे. पण पास अडकला की मागे रांग लागते, आणि उन्हात तापलेल्या ड्रायव्हर लोकांच्या तोंडी लागायची हौस कुणालाच नसते. त्यामुळे माझ्या हाताला वेग आला होता. आमचे मॅनेजर म्हात्रे साहेब नवीन माणूस लागला की त्याला माझ्या टेबलापाशी आणून उभा करायचे. "बघून घे. वैशालीतायचा हात नाय तो, मशीन हाय."

हे मशीन मागच्या वर्षी बंद पडलं. आता बऱ्यापैकी चालू झालंय, म्हणून हे मी स्वतः टाइप करतेय. ज्यांच्या घरी आत्ता कुणी असं पडून आहे, त्यांनी वाचावं एवढीच इच्छा. डॉक्टरी माहिती डॉक्टरांना विचारा. मला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि कळलेलं निम्मं मी विसरले.

मिरवणूक

सुरुवात पायांना मुंग्या येण्यापासून झाली. त्याआधी पोट बिघडून गेलं होतं, त्याचाच अशक्तपणा असेल म्हणून मी लिंबू सरबत पीत राहिले. मग एका सकाळी चहा गाळताना हातातली गाळणी सुटली. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठाय तुझं?" लक्ष गाळणीवरच होतं. मी ओटा पुसला आणि कामावर गेले.

त्यानंतर एकदोन दिवसांतच ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी खुर्चीतून उठायला गेले आणि उठताच येईना. आधी सगळ्यांना गंमत वाटली. मलाही वाटली. मग म्हात्रे साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि ज्या चाकाच्या खुर्चीत मी बसले होते तीच ढकलत मला अख्ख्या गोदामातून बाहेर नेलं. फोर्कलिफ्टवाले बाजूला झाले, हमाल उभे राहिले. इतक्या मानाने मी तिथून कधी गेले नव्हते. मी हसायला लागले आणि हसताना मला जाणवलं की तोंडाची एक बाजू हसत नाहीये. तेव्हा मात्र मी हसायची थांबले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केली. पाय उडायला हवा होता. तो ढिम्म. त्यांनी दुसऱ्या पायावर केलं, तोही ढिम्म. माझा नवरा संतोष बाजूला उभा राहून त्या गुडघ्याकडे असा बघत होता, जणू तो बघतोय म्हणून तरी पाय हलेल.

कमरेतून पाणी काढलं, नसांना करंट देऊन बघितलं, आणि संध्याकाळी डॉक्टर येऊन पलंगाच्या कडेला बसले. ते बसले म्हणूनच मला कळलं की गोष्ट साधी नाही. म्हणाले, "जीबीएस आहे. शरीरातली जी फौज बाहेरच्या शत्रूशी लढते, ती चुकून आपल्याच नसांवर उलटलीये. बहुतेक लोक यातून उठतात. पण खरं सांगतो, बरं वाटायच्या आधी अजून बिघडेल."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. कारण पुढच्या दिवसांत जेव्हा पाय पूर्ण गेले, मग हात गेले, तेव्हा प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगायची, हे तर सांगितलंच होतं.

गालाजवळची घंटा

आयसीयूत सगळ्यात जास्त भीती श्वासाची होती. हा आजार छातीपर्यंत चढला तर नळी घालावी लागते. त्यामुळे दर थोड्या वेळाने कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजा." मी पाढे पाठ केल्यासारखी मोजायची. कालच्यापेक्षा आकडा कमी पडला की सिस्टरचा चेहरा बदलायचा, आणि तो बदललेला मला दिसू नये म्हणून ती सलाइनकडे बघायची. मी मनात म्हणायची, बाई, मला डोळे आहेत गं.

आणि घंटा. पलंगाला वायरने लटकलेलं एक बटण असतं. काही लागलं तर दाबा, म्हणून सांगून सगळे जातात. मी त्या बटणाकडे बघत पडून राहायची. ते माझ्या तळव्यात ठेवलेलं असायचं आणि मला दाबता यायचं नाही. तहान लागली, पाठीला रग लागली, नाकावर माशी बसली, बटण हातात आहे आणि माणूस तहानलेला. आवाजही इतका बारीक झाला होता की हाक दारापर्यंत पोचायची नाही.

केरळच्या एक सिस्टर होत्या, मोडकंतोडकं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी एका फेरीत हे बघितलं. चिकटपट्टी आणली, ते बटण उशीला माझ्या गालाशी चिकटवलं आणि म्हणाल्या, "मान फिरव. दाब." मी मान वळवली. बाहेर टिंग वाजलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "काय पाहिजे, ताई?" मला काहीच नको होतं. मी नुसतीच रडले. त्यांनी नाक पुसून दिलं.

नळीची वेळ आली नाही. आकडे एक दिवस थांबले, मग हळूहळू वाढायला लागले. सासूबाई बाहेर बाकड्यावर बसून बुद्धवंदना म्हणत असायच्या, आणि संतोषने सगळ्या नातेवाइकांचे फोन घेऊन तेच तेच न कंटाळता सांगितलं. दोघांपैकी कुणाचा उपयोग जास्त झाला मला माहीत नाही. दोघांचाही झाला असं मी धरून चालते.

आण इकडे

उलव्याच्या घरी परत आले तेव्हा मी बसू शकत होते, धरून चार पावलं टाकू शकत होते, पण हात म्हणजे लोंबणारे दोन पडवळ. डावा अंगठा थोडा हलायचा. उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटायची, पण मिटलेली उघडायची नाहीत.

आमच्या घरात माया फार. आणि तिचा उच्चार एकच: "आण इकडे." मी चमच्याकडे हात नेला की सासूबाई, "आण इकडे." मोबाइलकडे वळले की माझी मुलगी श्रेया, "आण गं इकडे, किती वेळ लावतेस." बँकेचा मेसेज आला की ती हॉलमधून ओटीपी मोठ्याने वाचायची, स्वयंपाकघरातून संतोष तो टाइप करायचा, आणि शेजारच्या काकूंनाही तो पाठ झाला असेल. माझ्या बहिणीने मला लिहिलेलं खासगी सगळं सासूबाईंना ठाऊक, कारण वाचून दाखवायच्याही त्याच. त्यात माझ्या सासूबाईंबद्दलही थोडं होतं. त्या वाचून म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

एक दिवस मी ओरडले. खूप वाईट ओरडले. म्हटलं, "मला मेलेली समजून माझी कामं वाटून घेतलीत का?" श्रेया उठून आत गेली. त्या दिवशी सगळेच थोडं थोडं रडले, पण वेगवेगळ्या खोल्यांत. आजारपणात घर जवळ येतं म्हणतात. येतं. पण इतक्या जवळ आलं की पाय एकमेकांवर पडायचेच.

जिताडा आणि निरोप

म्हात्रे साहेब भेटायला आले ते उरणच्या बाजारातला ताजा जिताडा मासा घेऊन. सासूबाईंनी कौतुकाने तो आत नेला. साहेब पाणी प्यायले, त्यांनी पंख्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, बोला."

"ताय, टेन्शन नको घेव. मी हाय. पन वरून इचारतान. दिवालीनंतर त्या खुर्चीवर कोनी तरी कायमचा पायजे."

"घरून करून बघू का? पास तर वेबसाइटवरच निघतात."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "जमंल?"

"दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर मीच सांगेन."

चार दिवसांत लॅपटॉप घरी आला. बेलापूरला मला व्यायाम शिकवणाऱ्या रेश्मा मॅडमनी तळव्याभोवती बांधायचा एक पट्टा करून दिला, त्यात पेन्सिल खोचायची आणि तिच्या रबराच्या टोकाने बटणं दाबायची. सराव करून करून मला कीबोर्ड जमायला लागला. हळू, पण एकेक अक्षर माझं.

नाही जमली ती वेबसाइट. माझ्या रोजच्या ओळखीची, डोळे मिटून चालवायची ती वेबसाइट. तिला उंदीर लागायचा, म्हणजे माउस. तारीख निवडायला शेंगदाण्याएवढे चौकोन, त्यावर नेमकं टोक न्यायचं. मालाचा प्रकार निवडायची यादी उघडायची आणि हात जरा थरथरला की मिटायची. शेवटी, मी माणूस आहे की यंत्र हे तपासायला ती चित्रं दाखवून म्हणायची, ट्रक असलेले चौकोन निवडा. आयुष्य ट्रकमध्ये गेलं, आणि मला ट्रक दाखवता येईना! तेवढ्यात वेळ संपायची. सगळं भरलेलं पुसून ती मला पहिल्या पानावर आणून सोडायची. मी परत तहानलेली, आणि परत बटण हातात.

मी म्हात्रे साहेबांना सांगितलं. त्यांनी वेबसाइट बनवणाऱ्याला माझ्या घरी पाठवायचं कबूल केलं.

पहिली भेट

नितीनचं बेलापूरला दोन खोल्यांचं ऑफिस आहे. चांगला मुलगा, म्हणजे पस्तिशीचा बाप्या, पण सासूबाईंना सगळेच मुलगे. तो यायचा म्हणून घर लख्ख झालं होतं. पोहे, चहा, बर्फी. श्रेयाने माझे केस नीट बांधले.

मी पट्टा बांधून बसले. नितीन बाजूला. गाडीचा नंबर मी टाकला. तारखेपाशी आले, टोक घसरलं. मागून श्रेयाचं बोट आलं आणि तारीख पडली. यादी उघडली, मिटायच्या आत संतोषने माउस धरला होता. चित्रं आली तेव्हा सासूबाई, ज्यांना ट्रक आणि टेम्पो यातला फरक माझ्यामुळेच कळला, त्यांनी चष्मा सावरून पटापट चौकोन दाखवले आणि श्रेयाने दाबले. पास निघाला.

"अरे, मस्त चालतंय की, मॅडम," नितीन बर्फी खात म्हणाला. "मला वाटलं काय मोठा लोचा आहे. थोडी अक्षरं मोठी करून देतो."

तो गेला. दार लागलं. सगळे माझ्याकडे खुशीत बघत होते, परीक्षेत पास झाल्यासारखे.

मग मी विचारलं, "काय दाखवलंत हे त्याला? पास कुणी काढला?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. आमच्या घरची रीत आहे, आलेल्या माणसासमोर घरातलं उणं दिसू द्यायचं नाही. साखर नसेल तर शेजारून आणायची, पण चहा फिका द्यायचा नाही. त्या म्हणाल्या, "परक्या माणसासमोर तुझं हसं होऊ नये म्हणून केलं ना गं. तो ऑफिसात जाऊन सांगेल, हिला काही येत नाही. मग?"

त्यांची भीती खोटी नव्हती. मलाही तीच होती. पण माझं उणं झाकलं तर वेबसाइटचंही झाकलं जात होतं, आणि दिवाळी जवळ येत होती. मी श्रेयाला नितीनला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलले. म्हटलं, "परत या. या वेळी पोहे नाहीत."

दुसरी भेट

मी सगळ्यांना समोरच्या सोफ्यावर बसवलं. एकच अट: हात लावायचा नाही. काही झालं तरी. संतोषने हाताची घडी घातली. श्रेयाने उशी कवटाळली. सासूबाईंना स्वतःचा भरवसा नव्हता. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली सारले आणि त्यावर बसल्या.

मी सुरू केलं. तारखेपाशी टोक घसरलं. परत नेलं. परत घसरलं. भलताच महिना उघडला. खोलीत फक्त पेन्सिलीची टकटक. पेन्सिल पट्ट्यातून निसटली, मी ती तोंडाने परत खोचली. यादी मिटली. उघडली. मिटली. मला घाम फुटला, आणि ज्याच्यासमोर कधी रडायचं नाही असं ठरवलं होतं त्या परक्या माणसासमोर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. कुणीही उठलं नाही. संतोष खाली बघत होता. सासूबाई हातांवर बसून पुढे-मागे झुलत होत्या, ओठ घट्ट मिटलेले, गालावरून धार. आयुष्यात त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण त्या दिवशी काही न करण्याला जेवढं बळ लागलं तेवढं कशालाच लागलं नसेल.

मी चित्रांपर्यंत पोचले. दोन ट्रक दाखवले. वेळ संपली. सगळं पुसून पहिलं पान आलं.

नितीनने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "मॅडम, परत एकदा दाखवता? सॉरी, म्हणजे दमला नसाल तर."

मी दोनदा दाखवलं. मग त्याला केरळच्या सिस्टरची घंटा सांगितली. त्याने ती गोष्ट शांतपणे ऐकली, चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला आणि गेला.

नंतर कळलं, त्याने ऑफिसात स्वतःच्या टेबलावरचा माउस काढून कपाटात ठेवला होता. काम होईपर्यंत वापरायचा नाही. बाकीचे हसले म्हणे. दुपारपर्यंत त्याला आपलीच पानं चालवता येईनात, आणि मग कुणी हसलं नाही. रोज मला फोन यायचा. "मॅडम, आता टॅब दाबत जा, कुठे आहात ते जाड चौकटीत दिसतंय का?" "तारीख सरळ टाइप करता येते का?" "वेळ संपायच्या आधी ते विचारतं का?" मी दाबून बघायची आणि शिव्या किंवा शाबासकी द्यायची. चित्रांच्या जागी त्याने दुसरी सोय केली. बटणं ऐसपैस झाली. चुकलं तर फक्त चुकलेलं लाल व्हायचं, बाकीचं भरलेलं तसंच राहायचं.

दिवाळीच्या आधी म्हात्रे साहेबांनी एक खराखुरा ट्रक माझ्या नावावर सोडला. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. माझा वेग मशीनचा नव्हता, बैलगाडीचा होता. पण बैलगाडी रस्ता सोडत नाही. मध्येच पानाने विचारलं, अजून वेळ हवा आहे का? मी "हो" दाबलं. पास निघाला. फोनवर मागे गेट उघडल्याचा खडखडाट ऐकू आला, आणि ड्रायव्हर म्हणाला, "आज जल्दी हो गया, मॅडम." बिचारा खोटं बोलत होता की त्याला खरंच वाटलं, देव जाणे. मी फोन ठेवला आणि सोफ्यावरून तिघंही एकदम उठली. सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

खुर्ची माझीच राहिली. म्हात्रे साहेब म्हणतात, नव्या पानांमुळे गेटवरच्या चष्मेवाल्या वॉचमन मामांचाही वैताग कमी झालाय.

आता

आता मी रोज द्रोणागिरीला जाते. संध्याकाळी बोटं दमतात, थंडीत आखडतात, चपातीचा घाट अजून नकाशासारखा. पण गाळणी सुटत नाही. जे यातून जात आहेत त्यांना मी एवढंच सांगेन, की तुमचं अडतंय ते लपवू नका, आणि तुमच्या माणसांना लपवू देऊ नका. ज्याने बटण बनवलंय त्याला ते तुम्हाला दाबता येत नाही हे डोळ्यांनी दिसू द्या. लाज वाटते. वाटू दे. ती थोड्या वेळाची असते.

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या बायकांची अलिबागची सहल ठरली. नावं सोसायटीच्या वेबसाइटवर टाकायची होती. तीही आता नितीननेच नवी करून दिली आहे. एरवी सासूबाई श्रेयाला हाक मारतात. या वेळी त्यांनी मोबाइल स्वतः घेतला, चष्मा लावला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. 'सुमन' लिहायला सुरुवात केली. भलतंच अक्षर पडलं. खोडलं. परत भलतंच पडलं.

माझा उजवा हात उचलला गेला. "आण इकडे" अगदी जिभेच्या टोकावर होतं. मी तो हात खाली घेतला आणि मांडीखाली सारला. मग डावाही.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "अगं, हे विचारतंय बघ. अजून वेळ हवा आहे का?"

"मग काय सांगताय?"

"हो म्हणते," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, आणि वाकडं बोट सावकाश खाली आणलं.